घाबरून जाऊ नये

हस्त लागला की दुपारी तीनच्या सुमारास बीडच्या दक्षिणेला, डोंगराच्या अंगाला, आभाळ काळं व्हायला लागतं. सकाळचं ऊन इतकं स्वच्छ असतं की वाटतं, गेला यंदाचा पाऊस. बायका गच्चीवर गोधड्या वाळत घालतात, रस्त्याच्या कडेला सोयाबीन पसरलेलं असतं, आणि तीन वाजता एकदम वारा पडतो. पान हलत नाही. मग लांब कुठेतरी जड लाकडी कपाट सरकवावं तसा आवाज येतो. शेतातली माणसं त्या आवाजासरशी ताडपत्रीकडे धावतात. मी खुर्चीतून उठते आणि ऑफिसच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहते. तिथे मला करण्यासारखं काही नसतं. तरी उभी राहते.

मृगाची लोक वाट बघतात. या परतीच्या पावसाला कुणी बोलावलेलं नसतं. कापसाची बोंडं उमललेली असतात, ती भिजून काळी पडतात. विजा याच दिवसांत पडतात. नदीनाले आधीच भरलेले असतात, तळी काठोकाठ असतात, आणि वरून हा येतो. लहानपणी अंबाजोगाईला आमच्या घराच्या पत्र्यावर हा पाऊस वाजायचा तेव्हा मला मजा वाटायची. आता त्याची भीती वाटते. ही भीती चार वर्षांपूर्वीच्या एका आश्विनात मला लागली, आणि त्या वेळी ती पावसाची नव्हतीच.

याच दिवसांत बसस्टँडसमोरच्या हातगाड्यांवर सीताफळं येतात. आमच्या डोंगरातली, लहान चणीची, डोळे उघडलेली, आतून दाणेदार. गाडीजवळून गेलं तरी त्यांचा गोडसर वास अंगाला चिकटतो. मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते.

तेव्हा मी एका दैनिकाची राजकीय बातमीदार होते. अकरा वर्षं तेच काम केलं होतं. कोण कुणाच्या गाडीतून उतरलं, कुणाच्या बॅनरवरून कुणाचा फोटो गळाला, कोणत्या लग्नात कोण कुणाशेजारी बसलं, यावरून पुढच्या सहा महिन्यांचं राजकारण सांगता यायचं. हॉटेलात चहा पिताना पुढाऱ्यांची माणसं मला बघून आवाज खाली करायची, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. आमच्या घरात असं आधी कुणाला बघून कुणी आवाज खाली केला नव्हता. आजोबा तलवाड्याला दुसऱ्याच्या शेतात राबले. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, शिकून अंबाजोगाईला सरकारी नोकरीत कारकून झाले आणि तिथेच निवृत्त झाले. सरकारी नोकरी म्हणजे पाठीमागे भिंत, असं ते म्हणायचे. माझ्या पाठीमागे भिंत नाही याची काळजी त्यांनी अकरा वर्षं केली.

त्या वर्षी आष्टीकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात मी गेले होते. गावाचं नाव इथे लिहीत नाही, तिथल्या माणसांना पुरेसं भोगून झालंय. गावाच्या वर एक साठवण तलाव नवा झाला होता. काम केलं होतं आमच्या भागातल्या एका मोठ्या पुढाऱ्याच्या मेव्हण्यानं. त्या पुढाऱ्याला सगळा भाग भाऊ म्हणतो, मीही तसंच म्हणते. तलावाच्या मातीच्या भिंतीला तिथे भराव म्हणतात. त्या भरावावर उभी राहून मी दगड पायानं हलवला तर तो हलला. गावातल्या कौसाबाई ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या. साठीच्या, अंगठ्याच्या सहीऐवजी नुकतीच खरी सही शिकलेल्या. त्यांनीच मला भरावाच्या खालच्या अंगाला नेऊन पाझर दाखवला होता. बांगडीएवढं ओलं, त्यातून बारीक पाणी. त्यांचा नवरा दगडूतात्या मागून काठी टेकत येत होता. सगळा जन्म उसाच्या फडात कोयता चालवलेला माणूस, कमी बोलणारा. तो म्हणाला, "बाई, हे पानी वरून न्हाई आलेलं."

मी बातमी केली. पहिल्या पानावर, माझ्या नावानं. दुसरा भाग पुढच्या रविवारी येणार होता. त्यासाठी मी एका निवृत्त इंजिनिअरला भेटले होते. त्यांनी मला अगदी साध्या शब्दांत सांगितलं होतं की प्रत्येक मातीचा बांध थोडा पाझरतोच. पाझर नितळ असेल तर काळजी नाही. पण गढूळ झाला तर समजायचं, पाणी भिंतीची माती घेऊन बाहेर पडतंय. मग फार वेळ नसतो.

हा मजकूर लिहून तयार होता. छापायला मात्र दिला नाही. कारण त्या गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास माझ्या दारात सीताफळांची पाटी आली.

अण्णा त्या आठवड्यात बीडला माझ्याकडे आले होते. दार त्यांनीच उघडलं. पांढऱ्या शर्टातला एक माणूस, चाळिशीचा, पायातली चप्पल बाहेर काढून आत आलेला. अण्णांच्या पाया पडला. भाऊंनी पाठवलीत म्हणाला, डोंगरातली हायेत, ताईंना आवडतात असं कळलं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर तो पाणी पीत होता. माझ्याकडे त्यानं नीट बघितलंसुद्धा नाही. जाताना उंबऱ्यात थांबून अण्णांनाच म्हणाला, "अण्णा, तुमची अंबाजोगाईची गल्ली लई चिखलाची हाय बघा. सकाळी दूध आणाया जाता तवा जपून जात जा. वय झालं."

एवढंच. तो गेल्यावर अण्णा बराच वेळ पाटीकडे बघत उभे होते. मग म्हणाले, मी दूध आणायला जातो हे ह्याला कसं माहीत?

ती सीताफळं आम्ही खाल्ली नाहीत, टाकलीही नाहीत. का टाकली नाहीत ते आज सांगता येणार नाही. टाकताना कुणी बघेल असं वाटलं असावं. कोपऱ्यात पाटी तशीच होती. तिसऱ्या दिवशी फळं पिकली, पाचव्या दिवशी फुटली. घरभर तो वास. बाहेर रोज तीन वाजता आभाळ गडगडायचं, दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या, आणि बंद घरात तो वास आणखी दाटायचा. रात्री अण्णांना झोप लागत नाही हे मला त्यांच्या कुशी बदलण्यावरून कळायचं, आणि मला लागत नाही हे त्यांना.

त्याआधी सात-आठ महिने मी सरकारच्या प्रसिद्धीच्या कामासाठी निघालेल्या जागेचा अर्ज भरून ठेवला होता. परीक्षा दिली होती. सगळेच देतात तशी, सहज. त्याच आठवड्यात मुलाखतीचं पत्र आलं. अण्णांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

मी म्हणाले, आत्ता गेले तर लोक म्हणतील घाबरून पळाली.

अण्णा म्हणाले, "घाबरलीस ते खरं आहे ना? मग म्हणू देत. घाबरून जा, पण जा."

आमच्या दैनिकात रशीदभाई नावाचे जुने बातमीदार होते. मला बातमी लिहायला त्यांनीच शिकवलं. पान खाऊन रंगलेले ओठ, खिशात कायम तीन पेनं, आणि पोलिसांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांशी एकाच सुरात बोलणं. नेमणुकीचं पत्र आल्यावर मी त्यांना सांगायला गेले. त्यांना आनंद झाला. म्हणाले, पगार वेळेवर होईल, तुझ्या अब्बांच्या जिवाला घोर नाही राहणार. मग चहा अर्धा झाल्यावर त्यांनी विचारलं, "तलावाचा दुसरा भाग कावून आला न्हाई?"

मी म्हणाले, कागदपत्रं कमी पडली.

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, प्यायले. वीस वर्षं कागदपत्रं वाचणाऱ्या माणसाला मी कागदपत्रं कमी पडल्याचं सांगत होते.

सरकारी नोकरीतले पहिले महिने मी नावांचा क्रम शिकण्यात घालवले. आधी कोण, मग कोण, कुणाच्या मागे सन्माननीय, कुणाच्या हस्ते आणि कुणाच्या शुभहस्ते. बातमीदार असताना चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापायचो. इथे एक नाव खाली गेलं तर वरून फोन यायचा. माझे साहेब नाईकवाडे सर निवृत्तीला तीन वर्षं उरलेले, मऊ स्वभावाचे गृहस्थ. ते प्रत्येक प्रेसनोट पाठवण्याआधी एकदा डोळे मिटायचे. मला वाटायचं नमस्कार करतात. नंतर कळलं, तेही घाबरतात.

पाऊस, साथ, पूर, कशाचीही नोट असो, तिच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. संगणकावर 'ना' टाइप केलं की पुढचं आपोआप यायचं. मी ते शेकडो वेळा पाठवलं असेल. पाठवताना दर वेळी मला आमचं बंद घर आठवायचं. घाबरू नका असं सांगणारं त्या वेळी आम्हाला कुणी भेटलं असतं तर आम्ही काय केलं असतं?

जानेवारीत एका इमारतीच्या उद्घाटनाला भाऊ आले. मी फोटोग्राफरच्या मागे वही घेऊन उभी होते. त्यांनी मला गर्दीतून ओळखलं, स्वतः चालत आले, हात जोडले. सगळ्यांसमोर म्हणाले, "बरं झालं ताई. आता आपल्या घरातल्या झालात."

लोक हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. त्या दिवशीच्या नोटेत भाऊंचं नाव मी दुसऱ्या क्रमांकावर, पूर्ण विशेषणांसकट, बिनचूक लिहिलं.

मग वर्ष फिरलं आणि पुन्हा हस्त लागला.

त्या वर्षी तो पाच दिवस थांबलाच नाही. डोंगरात ढग बसून राहिले होते. आष्टीच्या बाजूनं येणाऱ्या गाड्यांना चिखल इतका लागलेला असायचा की नंबर दिसत नसे. शहरात बघाल तिथे ओली माती, पेंढा, कुजक्या सोयाबीनचा आंबूस वास. सहाव्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर नाईकवाडे सरांनी मला आत बोलावलं. त्यांच्या फोनवर एक तयार मजकूर आला होता. त्या गावच्या तलावाबद्दल अफवा उठल्या आहेत, तलाव पूर्णपणे सुरक्षित आहे, नागरिकांनी घाबरून जाऊ नये आणि अफवांवर विश्वास ठेवू नये. चारच्या आत सगळ्या पत्रकारांना जायला हवा, असं सर म्हणाले.

गाव तेच होतं, कौसाबाईंचं. तपासणी कुणी केली असं मी विचारलं. सर म्हणाले, फोनवर सांगितलंय. कुणी सांगितलंय, असं विचारलं तर ते खिडकीकडे बघायला लागले.

मी बाहेर येऊन माझ्या टेबलाशी बसले. माझ्याकडे कौसाबाईंचा नंबर होता. बातमीच्या दिवसांपासून तो मी ना पुसला होता ना कधी लावला होता. आता लावला. वाऱ्याचा आवाज इतका होता की त्या ओरडूनच बोलत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं, पण आनंद दाखवला नाही. मी विचारलं, भरावाखालून पाणी येतंय का? त्या म्हणाल्या, ते तर दरसाल येतंय. मी विचारलं, रंग कसा आहे?

मग त्या म्हणाल्या, थांबा, बघून सांगते.

त्या भर पावसात तिथे चालत गेल्या. मला ठाऊक आहे तो रस्ता. शेवाळलेले दगड, घाणेरीची झुडपं, मधे ओढा. मी वीस मिनिटं फोन हातात धरून बसले. समोरचा शिपाई चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली. मला एकच इच्छा होती, नितळ म्हणावं. नितळ म्हटलं तर मी आलेला मजकूर आहे तसा पाठवीन आणि घरी जाईन.

फोन वाजला. कौसाबाईंना धाप लागली होती.

"चहावानी हाय," त्या म्हणाल्या. "आन् आता पाझर न्हाई म्हनता यायचा. धार लागलीय."

माझ्या टेबलाच्या खणात तो दुसरा भाग नव्हता. तो मी घरी, जुन्या वह्यांमध्ये ठेवला होता. पण त्यातलं ते वाक्य मला शब्दन् शब्द पाठ होतं. ते वर्षभर आधी छापून आलं असतं तर गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं की गढूळ धार लागली की काय करायचं. ते मी एका पाटीच्या बदल्यात घरात दडवून ठेवलं होतं.

मी सरांकडे गेले. सांगितलं. ते ऐकत होते आणि पेनचं टोपण उघडबंद करत होते. मग म्हणाले, "तू आता पत्रकार नाहीस."

"म्हणूनच म्हणते सर," मी म्हणाले. "पत्रकारानं लिहिलेलं लोक चार ठिकाणी विचारून बघतात. आपण लिहिलेलं वाचून झोपतात."

हे वाक्य आता कागदावर धीट दिसतंय, तेव्हा ते तुटक तुटक बाहेर पडलं. माझी परिविक्षा, म्हणजे नोकरी पक्की होण्याआधीचा काळ, संपायला अजून वर्ष होतं. नोकरी जाईल, आणि गेली की मागची भिंतही जाईल, मग पांढऱ्या शर्टातला माणूस पुन्हा येईल, आणि या वेळी चप्पल बाहेर काढणार नाही, हे सगळं त्या एका मिनिटात माझ्या डोक्यातून गेलं. सरांच्याही डोक्यातून काहीतरी जात होतं. त्यांनी घड्याळात बघितलं. पावणेचार झाले होते. ते उठले, डबा घेतला आणि म्हणाले, मी जेवून येतो, अर्धा तास लागेल. ते दोन वाजता जेवले होते.

दार लागल्यावर मी टाइप केलं. तलावाच्या भरावातून गढूळ पाणी येत असल्याचं स्थानिकांकडून कळलं आहे, तपासणी होईपर्यंत ओढ्याकाठच्या वस्तीनं शाळेच्या उंचवट्यावर जावं. खाली माझं नाव, माझा मोबाइल नंबर. उंचवट्यावर हा शब्द मी तीन वेळा चुकवला. घाबरून जाऊ नये हे वाक्य आपोआप आलं, ते एकेक अक्षर मागे जात खोडलं.

नोट पत्रकारांना पाठवली आणि मग रशीदभाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मागचं काही काढलं नाही. म्हणाले, पाच मिनिटं दे. पाच मिनिटांत ती नोट तालुक्यातल्या प्रत्येक फोनवर होती. गावात मंदिराचा कर्णा आणि विहाराचा कर्णा एकाच वेळी सुरू झाला, असं नंतर कौसाबाईंनी सांगितलं. दोघांचे आवाज एकमेकांत मिसळून कुणाला काही नीट कळेना, पण दोन्हीकडून एकदम ओरडतायत म्हटल्यावर लोक निघाले.

साडेचारला भाऊंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"काय ताई, घरातलीच माणसं घर पेटवाया लागली?"

ते म्हणाले, फुटला न्हाई तर काय करशीला, याचा इचार करून ठिवा. आणि फोन ठेवला.

तलाव फुटला नाही.

हे मला सरळच सांगितलं पाहिजे. लोक त्या रात्री शाळेच्या वर्गांत, ओट्यावर, ताडपत्र्यांखाली कुडकुडत बसले. सकाळी पाऊस उघडला. भराव जागेवर होता. लोक खाली आले तेव्हा घरांत पाणी शिरलं नव्हतं, पण सामान उपसून नेताना भिजलं होतं, दोन शेळ्या सापडेनात, आणि सगळ्यांच्या तोंडी माझं नाव होतं. ते चांगल्यासाठी नव्हतं. त्याच दिवशी दुपारी सरकारी खात्याची माणसं यंत्रं घेऊन आली आणि कुणाला न सांगता त्यांनी तलावाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, फोडून पाणी सोडून दिलं. कागदावर लिहिलं, खबरदारीचा उपाय. मग उन्हाळ्यात भराव पुन्हा बांधला. या वेळी मेव्हण्यानं नाही, दुसऱ्या कुणी. का बांधला, तो कुठे खचला होता, एक रात्र तग धरली असती की दोन, हे मी पुष्कळांना विचारलं. कुणी सांगितलं नाही.

मला कारणे दाखवा नोटीस आली. मी कारणं दाखवली. परिविक्षा एक वर्ष वाढली. नाईकवाडे सर माझ्याशी त्या विषयावर कधी बोलले नाहीत, मात्र त्यानंतर नोट पाठवायची वेळ आली की ते मला विचारायचे, बघितलंस का? पांढऱ्या शर्टातला माणूस पुन्हा आला नाही. दारावर टकटक झाली की मी अजूनही आधी खिडकीतून बघते.

पण त्या दिवसाची सगळ्यात मोठी किंमत दुसऱ्यानं दिली. शाळेकडे चढताना दगडूतात्या चिखलात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. आष्टीहून नगर जवळ, पण कौसाबाईंची लेक अंबाजोगाईला दिलेली, म्हणून त्यांना तिकडच्या दवाखान्यात नेलं. मला कळलं तेव्हा चार दिवस झाले होते. मी जायला आणखी तीन लावले. अण्णा मात्र माझ्याआधी तिथे पोहोचले होते. त्यांना पत्ता मीच दिला होता, मला धीर होत नाही म्हटल्यावर. ते रोज सकाळी दूध आणायचे त्याच वाटेनं पुढे जाऊन दवाखान्यात पेज पोचवायचे. कोण, कुठले, काही न सांगता.

मी वॉर्डच्या दारात उभी राहिले. तात्यांच्या पायाला वजन बांधलं होतं. कौसाबाईंनी मला बघितलं आणि स्टुलावरचा डबा उचलून जागा केली. मी माफी मागायची ठरवून आले होते, ती न मागताच स्टुलावर बसले. त्या पदरानं नवऱ्याचं कपाळ पुसत म्हणाल्या, तलाव फुटला असता तर गाव तुमच्या पाया पडलं असतं. न्हाई फुटला, तर हे असं.

तात्या इतका वेळ छताकडे बघत होते. त्यांनी मान वळवली.

"तुमच्या मनाला काय वाटतं? फुटला असता का?"

हो म्हणायची फार इच्छा झाली. हो म्हटलं असतं तर त्यांच्या मोडलेल्या हाडाला काही अर्थ आला असता, आणि मलाही झोप लागली असती.

"मला माहीत नाही, तात्या," मी म्हणाले.

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी थोडा वेळ बसले आणि निघाले.

ते पुन्हा चालले नाहीत. शस्त्रक्रिया झाली, पण वय झालेलं, हाड नीट धरलं नाही. आता ते खाटेवर असतात. घर तेच, ओढ्याकाठचं.

हे सगळं लिहायला मला चार वर्षं लागली, आणि आजही लिहिलं नसतं. पण आज दुपारी तीन वाजता वारा पडला, मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, आणि फोन वाजला. नंबर कौसाबाईंचा, आवाज तात्यांचा.

गेल्या वर्षीही याच दिवसांत त्यांनी फोन केला होता. तेव्हा त्यांनी विचारलं होतं, बाई, औंदा काय? मी नव्या भरावाची चौकशी करून ठेवलेली होती. मी म्हणाले, तात्या, तलाव पक्का झालाय, घाबरू नका. पलीकडून काही न बोलता फोन बंद झाला होता. तो बंद होण्याचा आवाज मला वर्षभर टोचत राहिला.

आज ते म्हणाले, चार दिस झाले, आभाळ उघडंना. मला उचलाया चार माणसं लागत्यात. ऐन वक्ताला सांगून भागायचं न्हाई. आत्ताच काय ते सांगा.

सकाळीच मी तलावाच्या सरकारी इंजिनिअरांशी बोलले होते. त्यांनी धोका नाही असं सांगितलं होतं. टेबलावरच्या संगणकाच्या पडद्यावर तशी नोटही तयार होती, ठरलेल्या शेवटासकट. मी पडद्याकडे पाठ केली.

"साहेब म्हणतात धोका नाही," मी म्हणाले. "मी स्वतः बघितलेलं नाही. संध्याकाळपर्यंत तिथे येऊन बघते. पण आत्ता विचाराल तर तात्या, मला भीती वाटतेय."

त्यांच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती.

"हां," ते म्हणाले. "आता कसं मानसावानी बोल्लात."

मग तोंडाजवळून फोन बाजूला झाला. कौसाबाईंना हाक मारलेली मला ऐकू आली, शेजारच्या दोघातिघांची नावं घेतलेली ऐकू आली. फोन बंद करायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं, तो खाटेवरच होता. माणसं आली. कुणीतरी म्हणालं, तात्या, आज अजून पाऊस न्हाई. तात्या म्हणाले, म्हनूनच. मग खाटेचे पाय जमिनीवर खरडले, कुणीतरी दमानं, दमानं म्हणालं, आणि चार माणसांचे जोड्याजोड्यानं पडणारे पाय हळूहळू शाळेच्या चढाकडे लागले.